हौशी रेसकारसाठी पेट्रोल कसं निवडावं: पहिल्यांदा ट्रॅकवर उतरणाऱ्यांसाठी

रेसकार बांधायला घेतलेला जवळजवळ प्रत्येक नवा मुलगा किंवा मुलगी मला पहिल्यांदा एकच प्रश्न विचारते: "शंभर ऑक्टेन टाकू का?" ऑक्टेन म्हणजे दाबाखाली स्वतःहून न पेटण्याची पेट्रोलची क्षमता सांगणारा आकडा. प्रश्न चुकीचा नाही, पण तो सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. त्याआधी चार-पाच गोष्टी पक्क्या झाल्या की पेट्रोलचं उत्तर आपोआप समोर येतं. जुनी एस्टीम, स्विफ्ट, पोलो किंवा होंडा सिटी घेऊन ऑटोक्रॉस, टाइम अटॅक, ड्रॅग नाहीतर ट्रॅक डेला उतरायचं ठरवलंय, अशांसाठी हे लिहितोय. कॉलेजात फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेची गाडी बांधणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

सगळ्यात महाग पेट्रोल ते सगळ्यात चांगलं, असं नसतं. तुमच्या इंजिनाला पुरेसं, स्पर्धेच्या नियमात बसणारं आणि शर्यतीच्या दिवशी शर्यतीच्या गावात नक्की मिळणारं पेट्रोल हवं. यातली तिसरी अट लोक विसरतात. मीही विसरलो होतो, आणि त्यापायी एक इंजिन गेलं.

गाडी एस्टीम होती. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, घासून कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) वाढवलेलं, आणि कंपनीच्या ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, जागी स्टँडअलोन ईसीयू बसवलेला. जानेवारीत पुण्यात डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, ट्यून केली तेव्हा टाकीत १०० ऑक्टेनचं पेट्रोल होतं. इग्निशन पुढे पुढे नेत, म्हणजे ठिणगी आधी आधी पाडत, जेवढी ताकद निघेल तेवढी काढली. दीड महिन्यानं कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे या ट्रॅकवर गेलो. टाकीत होतं ते पेट्रोल सरावातच संपलं. जवळच्या पंपावर शंभर ऑक्टेन नव्हतं, म्हणून साधं भरलं आणि मॅप, म्हणजे ईसीयूमधला ठिणगी आणि पेट्रोलचा तक्ता, होता तसाच ठेवला. हेल्मेटमध्ये काही ऐकू आलं नाही. नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचं अवेळी भडकणं, ओळखणारा नॉक सेन्सर आम्ही जोडलाच नव्हता. चौथ्या लॅपला मागच्या आरशात निळसर धूर दिसला.

इंजिन उघडलं तेव्हा तिसऱ्या पिस्टनची, पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली कड तुटलेली होती. मिस्त्रींनी त्या सिलिंडरचा प्लग काढून माझ्या हातात दिला आणि भिंग पुढे केलं. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरवल्यासारखे बारीक काळे ठिपके होते आणि त्यांच्यामध्ये दोन-तीन चमकणारे कण. "हे चमकतंय ना, तो तुझा पिस्टन आहे," एवढंच ते म्हणाले. ॲल्युमिनियम होतं ते. पेट्रोलमध्ये काहीही खोट नव्हती, पंपवाल्याचीही चूक नव्हती. इंजिन एका पेट्रोलवर ट्यून केलं आणि पळवलं दुसऱ्यावर, चूक तिथे होती. पुढे जे सांगतोय ते सगळं या एका प्लगवरून शिकलेलं आहे.

पायरी १: आधी नियम वाचा

भारतात मोटरस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया पाहते. प्रत्येक स्पर्धेची स्वतःची सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स असतात. सगळे त्यांना नुसतं एसआर म्हणतात. एसआर हातात आली की इंधनाचा भाग शोधा आणि चार गोष्टी टिपून ठेवा. पंपावरचं पेट्रोलच हवं की आयोजक देतील तेच वापरायचं? ॲडिटिव्ह चालतं का? पेट्रोल भरायची जागा आणि वेळ ठरलेली आहे का? आणि शर्यतीनंतर तपासणीला नमुना घेणार असतील, तर टाकीत किमान किती उरलं पाहिजे?

शेवटच्या मुद्द्यावर नवखे हमखास अडकतात. वजन वाचवायला अगदी मोजून पेट्रोल भरतात, शर्यत पूर्ण होते आणि नमुन्यापुरतंही टाकीत उरत नाही. काही नियमावल्या इंधनातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरही मर्यादा घालतात. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असेल तर वजनानं साधारण ३.७ टक्के ऑक्सिजन येतो, आणि २० टक्के असेल तर तो सातच्या पुढे जातो. म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या पंपावरचं रोजचं पेट्रोलही एखाद्या नियमावलीत बसणार नाही, असं होऊ शकतं. शंका असेल तर आयोजकांना लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

पायरी २: तुमचं इंजिन काय मागतंय

भरल्या गाडीनं खंबाटकीचा घाट चढताना, चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज कधी ऐकलाय? तेच नॉकिंग. ठिणगी पडली की ज्योत प्लगपासून बाहेर पसरत जाते. कडेला उरलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण त्या वेळात दाबलं जातं आणि तापतं. ज्योत पोचायच्या आत ते स्वतःहून पेटलं, तर हळूहळू जळायच्या ऐवजी एकदम भडकतं. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतीवर आणि पिस्टनवर आपटतात. घाटात दोन सेकंद असं झालं तर इंजिन सहन करतं, शिवाय तुम्ही गिअर खाली टाकताच. ट्रॅकवर मात्र सरळ पट्ट्यावर दहा-बारा सेकंद फुल थ्रॉटल, तेही लॅपमागून लॅप. आणि आवाज एक्झॉस्टखाली दबून जातो.

नॉकिंगची शक्यता कशानं वाढते, ते लक्षात असू द्या: जास्त कॉम्प्रेशन, टर्बोचं बूस्ट (हवा दाबून आत कोंबणं), पुढे नेलेलं इग्निशन, आत येणारी गरम हवा, तापलेलं इंजिन, कमी पेट्रोलचं म्हणजे लीन मिश्रण, आणि पिस्टनवर-हेडवर साठलेला कार्बन. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल या सगळ्यांना थोडी थोडी सवलत देतं.

म्हणून कागदावर लिहा: इंजिनाचं कॉम्प्रेशन किती, टर्बो आहे का, बूस्ट किती, हेड कधी घासलंय का, ईसीयू कंपनीचा की बदललेला, नॉक सेन्सर चालू आहे का. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर हेडचा प्रश्न जुन्या मालकाला नक्की विचारा. एक मिलिमीटर घासलं तरी कॉम्प्रेशन चांगलंच वर जातं आणि बाहेरून काहीच कळत नाही.

माझा ठोकताळा असा आहे. टर्बो नाही, कॉम्प्रेशन दहाच्या आत आणि ईसीयू कंपनीचा, तर साधं पेट्रोल पुरतं. दहा ते साडेअकरा असेल आणि इग्निशन थोडं पुढे घेतलं असेल, तर ९५ ते ९७. त्याच्या वर, किंवा रिमॅप केलेली टर्बो गाडी असेल, तर ९९ किंवा १००. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल सिलिंडरमध्येच फवारलं जातं आणि तिथली हवा थंड करतं, म्हणून ती इंजिनं एक पायरी कमी मागतात. हा अंदाज सुरुवातीपुरता. खरं काय ते डायनोवर ठरतं.

पायरी ३: आकडे नीट वाचायला शिका

ऑक्टेनचा आकडा ताकदीचा नाही. दाब आणि उष्णता सोसत स्वतःहून न पेटण्याची पेट्रोलची क्षमता तो सांगतो. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० धरून मोजपट्टी आखली आहे. एखादं पेट्रोल ९५ ऑक्टेनचं म्हणजे नॉकिंगच्या बाबतीत ते ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणासारखं वागतं. ज्या इंजिनात नॉकिंग होतच नव्हतं, त्यात ९१ च्या जागी १०० टाकून काही मिळत नाही. जास्त ऑक्टेनमुळे इग्निशन पुढे घ्यायची किंवा बूस्ट वाढवायची मोकळीक मिळते आणि ताकद त्यातून येते. ती मोकळीक वापरलीच नाही, तर नुसते पैसे जातात.

हा आकडा मोजायच्या दोन रीती आहेत. एका ठरावीक एकसिलिंडरी इंजिनावर ६०० आरपीएमला मोजलेला तो रॉन. ९०० आरपीएमला आणि मिश्रण बरंच गरम करून मोजलेला तो मॉन, आणि तो नेहमी रॉनपेक्षा कमी येतो. आपल्या पंपांवर लिहिलेला आकडा रॉनचा असतो. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. त्यांचं ९३ म्हणजे आपलं साधारण ९७-९८. इंटरनेटवर एखादा अमेरिकन ट्यूनर "९३ वर एवढं बूस्ट चालतं" म्हणताना दिसला, म्हणून आपल्याकडे ९३ च्या आसपासचं पेट्रोल भरून तेवढं बूस्ट देऊ नका. या एका गैरसमजापायी चांगल्या चांगल्या टर्बो गाड्या बसल्यात.

ट्रॅकवर मॉनला जास्त महत्त्व येतं, कारण सतत वरच्या आरपीएमला पळणाऱ्या तापलेल्या इंजिनाची हालत त्या चाचणीशी जास्त जुळते. इथेनॉलचा रॉन १०८-१०९ आहे, पण मॉन नव्वदच्या आसपास. म्हणून इथेनॉल मिसळून रॉन वाढवलेल्या पेट्रोलचा आकडा पाहून वाटतो तेवढा दिलासा ट्रॅकवर मिळेलच असं नाही.

पायरी ४: आपल्याकडे काय मिळतं

बीएस-६ या प्रदूषणाच्या मानकात साध्या पेट्रोलचा किमान रॉन ९१ ठरला. २० टक्के इथेनॉलमुळे तो ९५ पर्यंत गेल्याचं सरकारनं २०२५ मध्ये सांगितलं. त्याच्या वर कंपन्यांची महागडी पेट्रोलं आहेत: इंडियन ऑइलचं एक्सपी९५, भारत पेट्रोलियमचं स्पीड ९७, हिंदुस्तान पेट्रोलियमचं पॉवर ९९. १०० ऑक्टेनचं एक्सपी१०० इंडियन ऑइलनं १ डिसेंबर २०२० ला आणलं, पहिल्यांदा दहा शहरांत, त्यात मुंबई आणि पुणे होते. मथुरेच्या रिफायनरीत ते बनायला लागलं आणि सुरुवातीला दिल्लीत लिटरला १६० रुपये भाव होता.

नाव वाचून थांबू नका, आकडा बघा. काही प्रीमियम पेट्रोलांमध्ये इंजेक्टर साफ ठेवणारं ॲडिटिव्ह असतं, पण ऑक्टेन जवळपास साध्याइतकंच. ते रोजच्या गाडीला उपयोगाचं असेल, तुमच्या ट्यूनला त्याचा काही उपयोग नाही.

आता नकाशा काढा. तुमच्या गावापासून ट्रॅकपर्यंत आणि ट्रॅकच्या आसपास तुमचं पेट्रोल कुठल्या पंपावर मिळतं, ते पंपावर फोन करून विचारा. ॲपमध्ये दिसतं आणि पंपावर टाकी कोरडी असते, असं खूपदा होतं. करी स्पीडवेसाठी कोइम्बतूर, इरुंगट्टुकोट्टईच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटसाठी चेन्नई, बुद्ध सर्किटसाठी ग्रेटर नोएडा. मोठ्या शहरांत १०० मिळायची शक्यता जास्त. आडगावच्या ऑटोक्रॉसला ती धरूच नका, तिथे साध्या पेट्रोलचा मॅप घेऊन जा. वर्दळीचा पंप निवडा. महागडं पेट्रोल जिथे दिवसाला चार गाड्या भरतात, तिथल्या टाकीत ते किती दिवस पडून आहे कुणास ठाऊक.

पायरी ५: इथेनॉल समजून घ्या

हा भाग सावकाश वाचा, कारण २०२३ पासून आपल्या पंपांवर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, यायला लागलं आणि जुन्या गाड्यांच्या रेसकार बांधणाऱ्यांना त्याचा थेट फटका बसतो.

एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला ९ किलोच पुरते, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. ई-२० चा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं छिद्र, जुन्या पेट्रोलच्या मापाचं असेल आणि तीत ई-२० भरलं, तर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी लीन होतं. लीन म्हणजे गरम, आणि गरम म्हणजे पिस्टनला धोका. अशा गाडीत मेन जेट एक-दोन नंबर मोठा घालावा लागतो आणि प्लग बघून खात्री करावी लागते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर चालत्या गाडीत दुरुस्ती करतो, पण फुल थ्रॉटलला बहुतेक ईसीयू सेन्सरकडे न पाहता तक्त्यातले ठरलेले आकडे वापरतात. आणि रेसकार बहुतेक वेळ फुल थ्रॉटललाच असते.

रबराचं काय? जुन्या होज, ओ-रिंगा, फ्युएल पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलनं फुगतात, मऊ पडतात किंवा चिरतात. वीस वर्षांची गाडी बांधताय तर टाकीपासून इंजेक्टरपर्यंतच्या सगळ्या होज इथेनॉल चालणाऱ्या बसवा. खर्च फार नाही, आणि गरम एक्झॉस्टवर पेट्रोल गळण्यापेक्षा तो केव्हाही परवडला.

तुमच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती, हे घरी तपासता येतं. शंभर मिलिलिटरची काचेची मोजनळी घ्या, झाकण असलेली. ९० पर्यंत पेट्रोल, मग १० मिलि पाणी. झाकण लावून मिनिटभर हलवा, मधूनमधून झाकण किंचित सैल करून आतला दाब सोडा, आणि पाच-दहा मिनिटं उभी ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, खालचा थर वाढतो. थर दहाच राहिला तर इथेनॉल नाही. वीसच्या जवळ गेला तर साधारण दहा टक्के, सत्तावीस-अठ्ठावीसला गेला तर वीस. पहिल्यांदा ही रेघ डोळ्यांसमोर वर सरकताना बघितली, तेव्हा मला पेट्रोलबद्दल वाचलेलं सगळं एकदम खरं वाटलं. ही चाचणी उघड्यावर करा, जवळ गॅस-शेगडी नको, आणि उरलेलं गटारात ओतू नका.

हाच गुणधर्म पावसाळ्यात त्रास देतो. इथेनॉल हवेतलं बाष्प ओढतं. प्रमाणाबाहेर पाणी गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर करतात आणि फ्युएल पंप नेमका तळातूनच ओढतो. वर राहिलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही उतरतं. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर गाडी उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी करून तरी ठेवा, नाहीतर गच्च भरून, म्हणजे आत ओली हवा शिरायला जागा राहणार नाही.

आता इथेनॉलची चांगली बाजू, कारण ती खरंच मोठी आहे. बाष्प होताना इथेनॉल पेट्रोलच्या दुप्पट-अडीचपट उष्णता ओढून घेतं, त्यामुळे सिलिंडरमध्ये जाणारी हवा थंड होते. परदेशात टर्बो गाड्यांचे हौशी रेसर ई-८५ वर, म्हणजे बहुतांश इथेनॉल असलेल्या इंधनावर, जीव टाकतात ते यामुळेच. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये इथेनॉल १०० नावाचं इंधन महाराष्ट्रासह पाच ठिकाणच्या १८३ पंपांवर आणलं गेलं. त्यात सुमारे ९३ टक्के इथेनॉल आणि ५ टक्के पेट्रोल असतं. आपल्या उसाच्या मळीतून आणि रसातून बनलेलं इंधन आपल्याच पोरांच्या रेसकारमध्ये जळावं, असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी सगळी इंधनव्यवस्था बदलावी लागते, आणि पहिल्या वर्षी तो नाद करू नये.

किती बदल लागतो त्याचा हिशेब करून दाखवतो. १२० अश्वशक्तीचं टर्बो नसलेलं इंजिन पूर्ण ताकदीला तासाला साधारण २७ किलो, म्हणजे ३६ लिटर पेट्रोल पितं. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी मिनिटाला दीडशे मिलि. इंजेक्टर ८० टक्क्यांवर चालवायचा म्हटलं तर १९० मिलिचा हवा. तेच इंजिन जवळपास शुद्ध इथेनॉलवर दीडपट इंधन मागतं, म्हणजे २८५ मिलिचा इंजेक्टर, त्याला पुरणारा पंप, नवा मॅप. त्याशिवाय नुसतं टाकीत ओतलं तर गाडी धड सुरूही राहणार नाही.

हे टाकू नका

डांबराच्या गोळ्या. होय, अजूनही लोक टाकतात. गोळी पूर्ण विरघळत नाही, थंडीत पुन्हा कण धरते, फिल्टर आणि इंजेक्टर तुंबवते.

रॉकेल तर मुळीच नको, त्यानं ऑक्टेन धाडकन खाली येतं.

विमानाचं ॲवगॅस मिळालं तरी घेऊ नका. १०० एलएल नावाच्या ॲवगॅसमध्ये शिसं असतं, लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत. ते ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही मारतं, आणि शिशाचा धूर पिटमध्ये उभ्या असलेल्या तुमच्याच माणसांच्या छातीत जातो.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवर "३० पॉइंट वाढवतो" असं लिहिलेलं असतं. दहा पॉइंट म्हणजे एक ऑक्टेन. तीस पॉइंट म्हणजे ९५ चं ९८. तेही बाटली सांगते तेवढ्या लिटरांत आणि पेट्रोल मुळात तेवढं चांगलं असेल तर. काहींतल्या मँगनीजमुळे प्लगवर विटकरी थर बसतो, मग प्लग वाचताच येत नाही. नियमात बसणार नाही ते वेगळंच.

मिथेनॉलबद्दल एकच सांगतो. अमेरिकेत इंडियानापोलिस ५०० या शर्यतीच्या गाड्या १९६४ च्या भीषण आगीनंतर मिथेनॉलकडे वळल्या, कारण ते पेट्रोलसारखं भडकत नाही आणि पाण्यानं विझतं. पण त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. १९८१ च्या शर्यतीत रिक मिअर्स या ड्रायव्हरच्या पिटमध्ये माणसं जळत होती आणि बघणाऱ्यांना आग दिसत नव्हती. शिवाय ते कातडीतूनही अंगात भिनतं. हौशी पिटमध्ये त्याला जागा नाही.

पायरी ६: त्याच पेट्रोलवर ट्यून करा

डायनोवर जायच्या आधी टाकी रिकामी करा. सहा लिटर ९५ उरलं असताना अठरा लिटर १०० ओतलं, तर सरासरी पावणेनव्याण्णव येते. मिश्रणाचा ऑक्टेन अगदी सरळ सरासरीनं चालत नाही, पण अंदाजाला हा हिशेब पुरतो. तुम्ही समजाल शंभरवर ट्यून झालं, आणि ते तसं झालेलं नसेल.

ट्यूनरला स्पष्ट सांगा: शेवटची दोन-तीन अश्वशक्ती नको. इग्निशन वाढवत नेलं की एका जागी ताकद वाढायची थांबते किंवा नॉकिंग सुरू होतं. तिथून दोन डिग्री मागे या. डायनोची खोली आणि एप्रिलमधलं चेन्नई यांत आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा मोठा फरक असतो, ती दोन डिग्री त्यासाठीच. मिश्रणाची चर्चा लॅम्डाच्या भाषेत करा: लॅम्डा १ म्हणजे पूर्ण जळायला नेमकी पुरेल एवढी हवा, त्याच्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त. एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणारा वाइडबँड मीटर पेट्रोलच्या पट्टीवर लावलेला असेल तर कुठल्याही इंधनात लॅम्डा १ ला तो १४.७ च दाखवतो, आणि ई-२० चा विचार करताना त्यानं गोंधळ उडतो. टर्बो नसलेल्या इंजिनाला फुल थ्रॉटलला लॅम्डा ०.८६ ते ०.८८ च्या आसपास ठेवावा.

आणि दोन मॅप करून घ्या. एक तुमच्या निवडलेल्या पेट्रोलचा, दुसरा कुठेही मिळणाऱ्या साध्या पेट्रोलचा, इग्निशन मागे घेतलेला. जमलं तर डॅशवर स्विच बसवा. माझ्याकडे तेव्हा तो दुसरा मॅप असता, तर कोइम्बतूरची शर्यत मी दहा अश्वशक्ती कमी घेऊन पूर्ण केली असती. नॉक सेन्सर मात्र पहिल्या दिवसापासून जोडा, त्यात काटकसर नको.

पायरी ७: विकत घेणं, नेणं, ठेवणं

पंपावर घनता लिहिलेली असते, ती बघा आणि वहीत लिहा. पेट्रोलची घनता १५ अंश सेल्सिअसला घनमीटरला ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान असायला हवी. फिल्टर पेपर मागण्याचा तुम्हाला हक्क आहे: नोझलवरचा थेंब टाका, दोन मिनिटांत उडून डाग राहिला नाही तर ठीक. पावती ठेवा.

डब्याबाबत कायदा स्पष्ट आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विकायचं नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत ठेवता-नेता येतं. धातूचं घट्ट झाकणाचं भांडं २५ लिटरपर्यंत, काचेचं किंवा चिनीमातीचं एक लिटरपर्यंत. त्यात प्लॅस्टिकचं नाव नाही. पाण्याच्या कॅनमध्ये पेट्रोल घेऊन फिरणारे पिटमध्ये दिसतात, तुम्ही तसं करू नका. सुट्टं पेट्रोल द्यायला पुष्कळ पंप नकार देतात, म्हणून गाडी ट्रेलरवर नेत असाल तर तिची टाकीच भरून नेणं सगळ्यात सोपं.

डबा भरताना जमिनीवर टेकवा, गाडीच्या डिकीत ठेवून भरू नका. गालिच्यावर किंवा प्लॅस्टिकवर ठेवलेल्या डब्यात स्थिर वीज साठते आणि नोझलशी ठिणगी पडते. गच्च भरू नका, उन्हात फुगायला जागा ठेवा. डब्यावर खडूनं तारीख आणि ऑक्टेन लिहा. महिन्याहून जुनं पेट्रोल रोजच्या गाडीत संपवा, कारण त्यातले हलके घटक आधी उडून जातात आणि ट्यून केलं तेव्हाचं पेट्रोल ते राहत नाही.

पायरी ८: शर्यतीचा दिवस

किती भरायचं? मघाचंच १२० अश्वशक्तीचं इंजिन घ्या. वीस मिनिटांच्या शर्यतीत सरासरी पासष्ट टक्के ताकद वापरली तर आठ लिटर जातं. त्यात वॉर्मअप लॅप, नमुन्यापुरतं आणि पाव टाकी धरा. पाव टाकी कशाला, तर लांब वळणात पेट्रोल एका कडेला जातं, पंप हवा ओढतो आणि वळणातून बाहेर पडताना गाडी क्षणभर मरते. टर्बो गाडीत तो क्षण लीन आणि बूस्टखाली असतो, म्हणजे नुसतं वेळेचं नुकसान नव्हे. लिटरला पाऊण किलो वजन पडतं. पाच लिटर जास्त घेतले तर पावणेचार किलो, तेवढं चालू द्या.

भरताना इंजिन बंद, ड्रायव्हर गाडीच्या बाहेर, आणि एक माणूस फक्त आगविझवणी हातात धरून उभा. त्यानं दुसरं काहीही करायचं नाही, फोनसुद्धा घ्यायचा नाही. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. पेट्रोलचे डबे तंबूच्या सावलीत ठेवा, पण जनरेटरपासून आणि चहाच्या स्टोव्हपासून लांब.

पहिल्या सरावात चार-पाच लॅप मारा आणि सरळ पट्ट्यावर फुल थ्रॉटलला असतानाच क्लच दाबून इंजिन बंद करा, गाडी वेगानं घरंगळत बाजूला घ्या. आधी मार्शलना सांगून, मागे कुणी नसताना. स्टीअरिंगचं लॉक निकामी केलेलं असलं पाहिजे. मग प्लग काढा. चिनीमाती पांढरी ते फिकट तपकिरी दिसली तर ठीक. काजळी असेल तर मिश्रण दाट आहे. मिरपुडीसारखे ठिपके दिसले तर तिथल्या तिथे साध्या पेट्रोलचा मॅप लावा. आणि त्यात काही चमकलं, तर गाडी ट्रेलरवर चढवा. त्या दिवशी ती पुन्हा पळवायची नाही.

संध्याकाळी टाकीतलं उरलेलं पेट्रोल धातूच्या डब्यात काढा आणि वहीत पंप, तारीख, घनता, हवेचं तापमान, मॅप आणि चारही प्लगांचा रंग लिहून ठेवा. प्लग सिलिंडरच्या क्रमानं कागदात गुंडाळा, त्यावर १, २, ३, ४ लिहा आणि पुढच्या वेळी ट्यूनरकडे जाताना सोबत घेऊन जा.